लेव्हलच्या वेळचं बोलणं

मदनकाका,

गेल्या गुरुवारी आपला रेडिओवरचा ‘ओटा’ झाला नाही. अकरा वाजता मी जुनाच भाग लावून दिला, केळीवरच्या करप्याचा. त्यात तुम्ही प्रकाशा गावाकडच्या त्या शेतकऱ्याला विचारता, फवारणी केली का, आणि तो म्हणतो, “फवारीसन काय व्हई काका, मन्हा नशीबलेच करपा लागेल शे.” त्यावर तुम्ही इतके मोठ्यानं हसता की आवाज फाटतो. तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. हसायचंच असेल तर माइकपासून तोंड लांब न्या, एवढं साधं कळत नाही का, असं बोलले होते. गेल्या गुरुवारी तेच फाटकं हसू हेडफोनमध्ये ऐकलं आणि सवयीनं काचेपलीकडे पाहिलं. तुमच्या खुर्चीवर कुणीतरी वीजबिलांची फाइल ठेवली होती. मी हेडफोन काढून ठेवला. कार्यक्रम बाहेर सगळ्यांना ऐकू जात होता, आत मला ऐकवेना.

लोक भेटायला येतात आणि ‘देवमाणूस गेला’ म्हणतात. मी मान हलवते. देवमाणूस कसले! दर मंगळवारी रेकॉर्डिंगला वीस मिनिटं उशिरा यायचा आणि दोष खापरहून येणाऱ्या बसला द्यायचा. माझ्या डब्यातला ठेचा संपवून वर विचारायचा, “आज इतलाच?” पाहुण्याला प्रश्न विचारायचा आणि तो उत्तर द्यायच्या आत त्याच्या मामाचं गाव कोणतं ते काढून मोकळे व्हायचा. सात वर्षं मी तुमच्याशी भांडले. देवमाणसाशी कुणी सात वर्षं भांडतं का?

आज आठ दिवस झाले. मंगळवारचा दिवस, इकडे यायला म्हणून निघालात, दारात बसून बूट घालत होतात, ते उठलाच नाहीत. काकू सांगत होत्या, एका पायात बूट होता. पुढचं त्यांनाही सांगता येईना आणि मला विचारवेना.

तुमच्याबद्दल लिहायला बसले की तुमच्या घराण्याचं कापड दुकान, तुमचं शिक्षण, सत्कार वगैरे लिहावं लागतं. ते दुसरं कुणी लिहील. मला तुम्ही आठवता ते तळोद्याच्या आपल्या रेडिओ केंद्राच्या दोन खोल्यांतले. खाली बियाण्यांचं दुकान, वर आपण. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. मी कोरीटहून नवीन आले होते, रेकॉर्डिंगच्या मशीनचा डिप्लोमा करून, आणि मला वाटायचं की ह्या मारवाडी काकांना डोंगरातल्या माणसांशी काय बोलता येणार. तुम्ही पहिल्याच दिवशी एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याशी अर्धा तास त्याच्या बोलीत बोललात, मग कोपऱ्यातल्या केळीवाल्या पाटलांशी गुजर बोलीत आणि मग माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणालात, “काय व पोरी, तोंड उघडं टाकीसन काय देखी ऱ्हायनी? माशी जाई.” दुकानाच्या गल्ल्यामागे उभं राहून शिकलो म्हणालात. गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत बोललं की ते दोन हात कापड जास्त घेतं.

त्या दुकानानं तुम्हाला आणखी एक सवय लावली होती. गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी भाव नाही, काय हवं तेही नाही. आधी विचारायचं, कशावर आलात. रेडिओवर आल्यावर तुम्ही तेच सुरू केलंत. पाहुणा माइकसमोर बसला की मला त्याच्या आवाजाची लेव्हल लावायची असते, त्यासाठी त्यानं दोन-तीन मिनिटं काहीही बोलायचं असतं. दुसरीकडे म्हणे एक ते दहा आकडे म्हणायला लावतात. तुम्ही विचारायचा, “कसावर उनात?” आणि पाहुणा मोकळा व्हायचा. सारंगखेड्याचा तो घोड्यांचा व्यापारी म्हणाला होता, “मोटरसायकलवर उनू. घोडा इकाना ऱ्हास काका, बसाना नही ऱ्हास.” आणि त्या सरपंचबाई: “मालकना मांगे बशीसन उनू, पन गाडी मन्हा नावनी शे.” मग मी हात वर करायचे, लेव्हल झाली, दारावरचा लाल दिवा लागायचा, आणि पाहुणा घसा खाकरून शाळेतल्या मराठीत म्हणायचा, “सर्वप्रथम मी आपले आभार मानतो.”

आपलं भांडण तिथंच होतं. तुमचं म्हणणं, खरा कार्यक्रम दिव्याच्या आधी होतो, दिवा लागला की भाषण सुरू. मला ते पटायचं नाही. माझ्याकडे अठ्ठावीस मिनिटं असायची आणि त्यात विषय बसवायचा असायचा. कोण कोणत्या जीपला लोंबकळत आलं ते ऐकायला लोक रेडिओ लावत नाहीत, मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचा, त्याच्यासाठीच लावतात. मी काटछाट करत बसले की मागे उभे राहायचा. “कितलं कापशी व? कापड इकणारा बी चार बोटं जास्ती सोडस. धोवावर आटस ते.” मी म्हणायचे, काका, हे कापड नाही. तुम्ही म्हणायचा, बघ विचार करून. एवढं होऊनही मला माझ्या कात्रीचा गर्व होता. माणूस कुठं अडखळला ते ऐकणाऱ्याला कळूच नये, इतकं सफाईनं मी जोडायचे.

लेव्हलचे तुकडे वेगळे पडायचे. शनिवारी मी ते सगळे एकदम पुसून टाकायचे. कामाची पद्धतच तशी होती, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते.

रुमलीबाई आल्या त्याला दोन वर्षं झाली. घाटाच्या वरच्या पाड्यावरची म्हातारी सुईण. पाड्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ‘घर ते दवाखाना’ अशी बाळंतपणावरची मालिका आपण एका सरकारी कार्यालयासाठी करत होतो, पाहुण्यांची यादी तिकडूनच आलेली. आपल्या समितीच्या अध्यक्षांनी बैठकीत बजावलं होतं, ह्या मालिकेत तक्रारी नकोत, अनुभव हवेत. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

त्या बसल्या. मी आवाज लावायला घेतला. तुम्ही पावरी बोलीत विचारलंत, कशावर आलीस. आणि त्यांनी सांगितलं. नाल्यापर्यंत पायी आले, पुढं जीप. तो नाला तोच. मागच्या पावसाळ्यात सुनेला, झिनीला, त्याच वाटेनं झोळीत घालून आणलं होतं. बांबूला झोळी, चार जण खांद्यावर. नाल्याला पाणी. पाणी उतरायची वाट बघत अलीकडच्या काठावर बसलो. सगळ्या पाड्याची पोरं मी ह्या हातांनी काढली, त्या काठावर हात चालले नाहीत. पाणी उतरलं तेव्हा झिनी नव्हती. बाळ संध्याकाळपर्यंत होतं. माणसं म्हणाली, आता मागं फिरू. मी म्हटलं, नाही, दवाखान्यात न्यायला निघालो ना, मग नेऊ. मेलेली पोर आम्ही पलीकडे नेली, दवाखान्याच्या पायरीवर ठेवली, आणि परत आणली.

त्या रडल्या नाहीत. सांगून झाल्यावर हात मांडीवर ठेवून बसल्या. माझा हात बटणावर तसाच होता, मी तो वर करायचं विसरले. तुम्ही त्यांना हळूच विचारलंत, हे आता दिवा लागल्यावर पुन्हा सांगशील? त्या म्हणाल्या, सांगितलं ना. त्यांचं बरोबरच होतं. समोर माइक होता, तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं. दुसऱ्यांदा कशाला सांगायचं? मग दिवा लागला, आणि अठ्ठावीस मिनिटं त्या ‘दवाखान्यात जावं, चांगलं असतं’ एवढंच फिरवून फिरवून बोलल्या. यादी करणाऱ्यांना हवं होतं तेवढं.

जाताना तुम्ही त्यांना म्हणालात, गुरुवारी येईल, सगळ्यांना सांग. मग माझ्याकडे वळलात. “सुनंदा, लेव्हलमा शे ना ते?” मी म्हणाले, पाहते.

होतं ते. चार मिनिटांचं होतं, आवाज स्वच्छ. संध्याकाळी मी दोनदा ऐकलं. पावरी मला पाऊण कळते, पण त्या दिवशी काही शब्द सुटले तरी सगळं कळलं. मला भीती वाटली, काका. मालिका जाईल, अध्यक्ष बोलतील, केंद्रच बंद करतील आणि कोरीटला परत जाऊन मी काय करणार, असं सगळं डोक्यात आलं. आणि खरं लिहायचं तर तेवढंच नव्हतं. कार्यक्रम जुळवून झाला होता, अठ्ठावीस मिनिटं नीट बसली होती, मला शेवटची गाडी गाठायची होती. ह्यातलं मोठं कारण कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही. शनिवारची वाट न बघता मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, “ते रेकॉर्ड नव्हतं काका. लेव्हलच्या वेळी मशीन चालू नसतं.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, “जाऊ दे. मन्हीच चूक शे. मी तुले खूण कराले पाहिजे व्हती.” आणि चहा सांगितलात.

त्या गुरुवारी पाड्यावरची माणसं टेकडीवर जाऊन बसली होती. आपला आवाज तिथं टेकडीवरच पोचतो. झिनीचं नाव रेडिओवर येणार म्हणून तिच्या माहेरचीही आली होती. आणि त्यांनी काय ऐकलं, तर दवाखाना चांगला असतो. हे मला तुमच्याकडूनच कळलं, तेही अर्धंमुर्धं. रुमली सरकारी लोकांचं बोलून आली, असं पाड्यावर झालं. तिचा मुलगा तिच्याशी बोलेनासा झाला. माझ्या बायकोचं नावसुद्धा घेतलं नाहीस म्हणाला.

तुम्ही वर गेलात. पुन्हा रेकॉर्ड करायला म्हणून माझं छोटं मशीन घेऊन गेलात आणि ते कोरंच परत आणलंत. नंतरही गेलात, किती वेळा ते मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचा, कामाचे दिवस आहेत, लोक घरी नसतात. त्या पाड्यावरून पुन्हा कधी पाहुणा आला नाही, तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. एक फरक मात्र मला दिसत होता. त्यानंतर तुम्ही दिव्याच्या आधी पाहुण्याला काही विचारायचं बंद केलंत. लेव्हलसाठी आकडे म्हणायला लावायला लागलात. एक, दोन, तीन, चार. ज्या माणसानं पाच वर्षं माझ्याशी त्या तीन मिनिटांसाठी भांडण केलं, तो पाहुण्यांकडून आकडे म्हणवून घेत होता, आणि मी काचेच्या अलीकडे बसून हात वर करत होते.

मी सांगणार होते. हे मेल्या माणसाला सांगणं फार सोपं आहे, म्हणून तुम्ही विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल. गेल्या होळीच्या आधी आपण अक्कलकुव्याहून जीपनं येत होतो, तुम्ही माझ्या शेजारी. तुम्ही एकदम म्हणालात, “बोल ना व. कधयनी काहीतरी पोटमा धरीसन बठेल शे.” माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, “काही नही काका, पोट दुखी ऱ्हायनं.” तुम्ही खिशातून ओव्याची पुडी काढून दिलीत. मी तो ओवा खाल्लाही. तळोद्यापर्यंत तुम्ही मला कोणता वैद्य चांगला ते सांगत होता.

तुम्हाला ठाऊक होतं का, काका? आठ दिवस मी ह्याच एका प्रश्नावर येऊन अडते. कारण तुमच्या साठीला मी तुम्हाला गंमत म्हणून एक ध्वनिफीत करून दिली होती. घोडेवाला, सरपंचबाई, तो पायी आलो म्हणून मिरवणारा निवृत्त मास्तर, सगळ्यांची ‘कशावर आलात’ची उत्तरं, शनिवारी पुसण्याआधी बाजूला काढून एकामागे एक जोडलेली. तुम्ही ती काकूंना, सुनांना, दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकवलीत. ती सगळी उत्तरं लेव्हलच्या वेळचीच होती. मशीन चालू नसतं, असं मी तुम्हाला सांगितलं तेव्हा मला ती फीत आठवली नाही. तुम्हाला आठवली नसेल? तुम्ही तर पंधरा वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या लुगड्याचा रंग सांगायचा.

असेल तर मला तुमचा राग येतो. रागवायचं होतं. अध्यक्षांपुढे उभं करायचं होतं. जीपमध्ये ओवा कशाला दिलात?

रविवारी मी वर गेले. काकूंना सांगितलं नाही, केंद्रातही नाही. पाड्यावरची आशा कार्यकर्ती सेवंती घाटाखाली भेटली, ती सोबत आली. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. “वर माहीत आहे का?” मी विचारलं. ती म्हणाली, “माहीत आहे.” आणि पुढं चालायला लागली. दीड तास चढ. नाल्याला आता घोट्याएवढं पाणी आहे. मी चपला हातात घेऊन ओलांडला. अलीकडचा काठ कोणता आणि पलीकडचा कोणता ते बघत थोडी थांबले, तर सेवंती म्हणाली, “चला ताई, ऊन होईल.”

रुमलीबाई अंगणात महू, मोहाची फुलं, निवडत होत्या. मला ओळखलं नाही त्यांनी, मी काचेआड होते ना तेव्हा. पाहुणी आली म्हणून लगेच आत गेल्या, खाट टाकली, तांब्याभर पाणी आणून दिलं. चढून आले होते, मी ते एका दमात प्याले. अजून हवं का विचारलं, तर हो म्हणाले. दुसरा तांब्या प्याले. मग सांगितलं. मराठीत सांगितलं, सेवंती पावरीत सांगत गेली. रेडिओवर तुमचं बोलणं आलं नाही, ते मी पुसलं म्हणून. मशीनवर होतं. मी ऐकलं, आणि पुसलं.

त्या बाजाराच्या मराठीत माझ्याशी थेटच बोलल्या. “तू नाही. तो. शेठ. तो बोलला, मी पुसलं. माझ्या हातानं पुसलं, बोलला.”

मला वाटलं, सेवंतीनं उलटं सांगितलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हात आडवा केला.

“तीन वेळा आला तो. पहिल्या वेळेला इथं बसला, तुझ्या खाटेवर. माझ्या मुलाला बोलला, तुझी आई खोटी नाही, तिनं सांगितलं, मी पुसलं. मुलगा आईवर रुसला होता, तो याच्या अंगावर गेला. दुसऱ्या वेळेला मुलानं वाटेतच अडवला. तिसऱ्या वेळेला ऊन होतं. महू संपला होता. तो एकटा आला. दारात उभा राहिला. पाणी दे, बोलला. मी पाणी नाही दिलं.”

सेवंती खाली बघत होती. तिला हे ठाऊक होतं, सगळ्या पाड्याला ठाऊक होतं.

“तिथं बसला,” रुमलीबाईंनी अंगणाच्या कडेचं झाड दाखवलं. “थोडा वेळ बसला. मग उतरला.”

मला तो दिवस आठवतो, काका. वैशाखातला. तुम्ही दुपार कलल्यावर केंद्रात आलात, तोंड लालबुंद, आणि माठाजवळ उभे राहून चार-पाच पेले पाणी प्यालात. मी म्हणाले होते, “काका, आज काय उंट का?” तुम्ही हसलात आणि म्हणालात, “ऊन भलतं शे.” तुम्ही डोंगरात जाताना कधी पाण्याची बाटली नेली नाही. माझ्या पिशवीत दिसली की चिडवायचा, “घरं नही का तठे?” तुमचा तेवढा भरवसा होता, आणि घरं होतीही.

मी रडायला लागले. मला वाटलं रुमलीबाई मला घालवून देतील, दगड मारतील, मारायलाच हवा होता. त्या उठल्या नाहीत. महूच्या सुपाकडे बघत बसल्या. त्यांचे हात पहिल्यांदाच मी नीट बघितले, बोटं वाकडी झाली आहेत. मग त्या म्हणाल्या, “आमच्यात दुश्मन आला तरी पाणी देतात. माझ्या आईनं दिलं. सासूनं दिलं. मी कधी कुणाला ‘नाही’ बोलली नाही. त्या एकाला बोलली.” आणि माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, “ते तू करवलं.”

ह्याला उत्तर तुमच्याकडे असतं. तुम्ही तिच्या बोलीत काहीतरी बोलला असता, आणि दोन घटका तरी बरं वाटलं असतं. मला नुसती क्षमा मागता आली. सेवंतीनं ती पावरीत सांगितली, पण रुमलीबाईंनी ती ऐकल्यासारखं केलं नाही.

मी छोटं मशीन नेलं होतं. विचारलं, आता सांगाल का पुन्हा, मी इथंच बसून घेते, एक शब्द कापणार नाही. त्यांनी मान हलवली. “मी सांगितलं. माझं झालं.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “तू ऐकलं ना? मग तू सांग.”

उतरताना सेवंतीनं एक गोष्ट सांगितली. तिसऱ्या वेळेच्या आधी ती तुम्हाला घाटाखाली भेटली होती. काका, वर जाऊ नका, लोक वाईट बोलतात तुम्हाला, म्हणाली. तुम्ही तिला म्हणालात, मला बोलतात तोवर म्हातारीला कमी बोलतात. हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण तुमच्या सत्काराच्या कागदांत ते कुठं सापडणार नाही. आणि कारण मला ते सहन होत नाही. म्हातारीला वाचवायला तुम्हाला मलाही वाचवावं लागलं, की मला वाचवायलाच निघाला होता? मी तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर भांडले तरी असते.

आज बुधवार आहे. दुपारी अध्यक्षांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, झालं गेलं, मदनशेठ गेले, आता उकरून काय मिळणार, उद्या त्यांच्या आठवणींचा गोड कार्यक्रम करा, चार मान्यवर बोलवा. मी म्हणाले, पाहुणे कुणी नाहीत, मीच बोलणार. ते म्हणाले, मग परवापासून येऊ नका. मी बरं म्हणाले. दोन वर्षांपूर्वी ह्याच वाक्याची मला इतकी भीती वाटली होती. ऐकलं तर फार काही वाटलं नाही.

संध्याकाळी बसून लिहून काढायला घेतलं. वाटलं होतं, पुसलेलं सगळं आठवणार नाही. सगळं आठवतं, काका. रुमलीबाईंनी कुठं श्वास घेतला, ‘नाला’ म्हणताना आवाज कसा खाली गेला, जे शब्द मला कळले नव्हते ते नुसते कानाला कसे लागले, ते सगळं. रविवारी उतरताना सेवंतीला त्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले. दोन वर्षं मी ते मनात रोज ऐकत होते आणि मला वाटत होतं पुसलंय.

उद्या अकराला माइक उघडीन. वीजबिलाची फाइल मी तुमच्या खुर्चीवरून काढली आहे, पण तिथं बसणार नाही, मी माझ्याच जागेवरून बोलेन. आधी सांगीन की हे बोलणं मदनकाकांनी पुसलेलं नाही, कोरीटच्या सुनंदानं पुसलं आहे, आणि काका तिच्या वाट्याची बोलणी ऐकून घ्यायला तीनदा डोंगर चढले. मग झिनीचं नाव घेईन. मग नाला, झोळी, चार माणसं, पायरी. चार मिनिटं होतात, त्यातलं काही सोडणार नाही.

सेवंती म्हणाली, मी टेकडीवर लोकांना घेऊन जाते, मुलालाही नेते. रुमलीबाई येतील का, ते त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही तर नाहीच.